मधुमेह : पथ्य, चालणे आणि पायांची काळजी

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त टावर चौक, फ्रीगंज, उज्जैन येथे सभासद व त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



न्यासाच्या सुवर्णमहोत्सवात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यवाहांनी केली, तेव्हा मला आनंद झाला आणि संकोचही वाटला. संकोच अशासाठी की निमंत्रणपत्रिकेवर माझ्या व्याख्यानाच्या खालच्याच ओळीत ‘श्रीखंड-पुरीचे सहभोजन’ असे छापले आहे. मधुमेहावर बोलणाऱ्याच्या पाठोपाठ श्रीखंड यावे, हा योगायोग कार्यवाहांनी मुद्दाम जुळवला की काय, हे त्यांनाच ठाऊक. पण मी पंगतीच्या आड येणार नाही. ताटावर बसण्यापूर्वी थोडा विचार करावा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

दुसरे असे की मी निव्वळ डॉक्टर म्हणून बोलत नाही. मी स्वतः बावीस वर्षे या व्याधीचा सोबती आहे. शिवाय या व्याधीने माझ्या घरात काय केले, तेही आपणांस सांगणार आहे. ते सांगावयास मला सुख होत नाही, परंतु ते ऐकून एका जरी घरातील पाऊल वाचले, तर आजचे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.

आधी व्याधीची ओळख करून घेऊ. आपण जे अन्न खातो त्यातील पिष्टाची व साखरेची शेवटी ग्लुकोज होऊन ती रक्तात येते. तिला पेशींच्या आत नेण्याचे काम स्वादुपिंडातून पाझरणारे इन्सुलिन करते. हे इन्सुलिन मुळीच तयार होईनासे झाले की होतो तो पहिल्या प्रकारचा मधुमेह. तो बहुधा लहान वयात होतो. इन्सुलिन आहे, पण शरीर त्याला दाद देत नाही व हळूहळू ते अपुरे पडते, तो दुसऱ्या प्रकारचा. आपल्या घरोघरी आढळतो तो बहुतांशी हाच.

रात्रभर उपाशी राहून केलेल्या तपासणीत साखर १०० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर ठीक. १०० ते १२५ असेल तर व्याधी उंबरठ्यावर उभी आहे, आणि १२६ वा अधिक असेल तर ती घरात शिरली आहे असे समजावे. एकाच तपासणीवर मात्र निकाल देऊ नये, दुसऱ्यांदा खात्री करून घ्यावी. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी दुसरी एक तपासणी आहे, तिला एचबीए-वन-सी म्हणतात. तीत ५.७ च्या खाली निश्चिंती, ६.५ पासून मधुमेह. हे आकडे तिथी-वारासारखे तोंडपाठ असावेत.

हा रोग श्रीमंतांचा, स्थूल माणसांचा, असा एक समज अजूनही आहे. तो सोडून द्यावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात देशात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह असल्याचा व आणखी १३ कोटी ६० लक्ष लोक उंबरठ्यावर असल्याचा अंदाज दिला आहे. गोव्यात तर प्रमाण शेकडा २६.४ आढळले. मासे-भात खाणारा गोवेकर काय आणि पोहे-जिलबी खाणारा उज्जैनकर काय, दोघांच्याही दारात हा पाहुणा उभा आहे.

‘पण मी तर काटकुळा, मला कसा होईल?’ असे पुष्कळजण विचारतात. याचे उत्तर आपल्याच एका मराठी भाषिक शहरातून आले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे व आपल्या एका इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. परंतु इंग्रज गृहस्थाच्या शरीरात चरबी शेकडा ९.१, आणि डॉ. याज्ञिकांच्या शरीरात २१.२. आपण वरून सडपातळ व आतून स्थूल असतो, तो हा असा. म्हणून तराजूपेक्षा शिंप्याची टेप अधिक खरे बोलते. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. घरी गेल्यावर आज प्रत्येकाने टेप लावून पाहावी, पोट आत न ओढता!

आता आपल्या पूर्वसूरींकडे वळू. चरकाचार्यांनी प्रमेहाची कारणे सांगताना काय सांगितले? बसून राहण्याचे सुख, झोपेचे सुख, दही, दूध, नवे धान्य, गुळाचे पदार्थ. पथ्य म्हणून त्यांनी जवाला अग्रस्थान दिले. सुश्रुताचार्य त्याच्याही पुढे गेले. ज्याच्याजवळ धन नाही त्या रोग्याने शंभर योजने वा त्याहून अधिक चालावे, भिक्षेवर राहावे, किंवा विहीर खणावी, असे त्यांनी सांगितले. इतक्या शतकांपूर्वी, रक्त तपासण्याचे कोणतेही साधन नसताना, या रोगाचे मूळ बैठकीत व ताटात आहे हे त्यांनी ओळखले, ही आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

परंतु अभिमान निराळा आणि आंधळेपणा निराळा. त्याच ठिकाणी सुश्रुतांनी हा प्रवास छत्रीवाचून व पादत्राणावाचून करावयास सांगितले आहे. चालणे आपण शिरसावंद्य मानू. अनवाणी चालणे मात्र आज मधुमेह्याला चालणार नाही. का, ते माझ्या थोरल्या बंधूंच्या हकीकतीवरून सांगतो.

आमचे दादा म्हणजे काटक प्रकृतीचे गृहस्थ. कधी विडी नाही, कधी तंबाखू नाही. मधुमेह निघाला तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते. मी त्यांना गोळ्या लिहून दिल्या आणि ‘गोड कमी करा’ असे चालता-चालता सांगितले. दवाखान्यातील परक्या रोग्याला मी अर्धा तास समजावीत असे, सख्ख्या भावाला मात्र दोन मिनिटे. त्यांनी काही वर्षे गोळ्या घेतल्या. पुढे एका जत्रेत कोण्या विक्रेत्याने ‘मधुमेह मुळासकट नाहीसा’ करणारे चूर्ण दिले. दादांनी गोळ्या बंद केल्या आणि मला सांगितले नाही. मीही विचारले नाही.

वैशाखातल्या एका दुपारी ते अनवाणी देवदर्शन करून आले. फरशी तव्यासारखी तापलेली होती. आपण असतो तर चटका बसताच पाय उचलला असता. दादांना चटका कळलाच नाही, कारण वाढलेल्या साखरेने पायांच्या शिरांतील संवेदना केव्हाच गेली होती. तळव्याला फोड आला, फुटला, चिघळला. दुखत नव्हते म्हणून त्यांनी तो कोणास दाखवला नाही. वहिनींना पायमोज्याला वास आला तेव्हा त्या रडत माझ्याकडे आल्या. दोन बोटे कापावी लागली, आणि काही महिन्यांनी घोट्याच्या वरपर्यंतचा पाय. त्यापुढे दादा आणखी चार वर्षे जगले. एकदा मला म्हणाले, ‘बाळ, तू सगळ्या गावाचे पाय पाहिलेस, माझे पाहावयाचे राहून गेले.’ त्यात राग नव्हता. पण ते वाक्य मी रोज ऐकतो.

म्हणून माझे पहिले मागणे पायांसाठी आहे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी रोज रात्री निजण्यापूर्वी दोन्ही पाय उजेडात पाहावेत. तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा सुनेला, नातवाला पाहावयास सांगावे. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात. पाणी गरम आहे की कढत, हे पायाने नव्हे तर हाताच्या कोपराने अजमावावे. थंडीत पायांशी गरम पाण्याची पिशवी घेऊ नये. कुरूप ब्लेडने कापू नये. घरातही चप्पल घालावी. आपले गाव तीर्थक्षेत्र आहे, दर्शन कोणी सोडावे असे मी म्हणणार नाही. ते सूर्योदयाच्या सुमारास किंवा सायंकाळी घ्यावे, जेथे चालत असेल तेथे जाड सुती मोजे घालावेत, आणि परत येताच पाय पाहावेत. वैशाखातील पंचक्रोशी यात्रा ११८ किलोमीटरची, तीही भर उन्हाळ्यात. पुष्कळ भाविक ती अनवाणी करतात. मधुमेह्याने ती पायांत मऊ बूट घालून करावी. देव भाव पाहतो, फोड मोजीत नाही. २०२८ साली सिंहस्थ येत आहे. तेव्हा घरोघरी पाहुणे येतील, त्यांनाही हे सांगावे.

आता ताटाकडे येऊ. दक्षिणेतून शिंद्यांच्या पदरी आलेले आपले पूर्वज माळव्यात रुजले. १८१० साली राजधानी ग्वाल्हेरास गेली, तरी आपण येथेच राहिलो. परिणामी आपल्या स्वयंपाकघरात दोन्हीकडचे गोड नांदते. सणाला पुरणपोळी आणि पाहुण्याला दाल-बाफले-लाडू. सकाळी पोहे आणि त्यांवर शेव, सोबत जिलबी. संध्याकाळी पाय आपोआप टावर चौकातील गाड्यांकडे वळतात, तेथे पाणीपुरी आहे, कचोरी आहे. मीही पुष्कळ वर्षे दवाखाना बंद करून तेथेच थांबत असे. तेव्हा मी कोणास नावे ठेवीत नाही.

पथ्य म्हणजे उपासमार नव्हे. ताटाचे मनातल्या मनात चार भाग करावेत. दोन भाग भाज्या व कोशिंबीर : पालक, मेथी, दुधी, दोडका, गवार, भेंडी, काकडी, मुळा. एक भाग डाळ, उसळ, पिठले, दही, किंवा चालत असेल तर अंडे वा मासे. उरलेल्या एका भागात पोळी, भाकरी अथवा भात. बटाटा हा भाजीच्या वाटीत वाढला तरी तो भाताचाच भाऊ आहे, हे विसरू नये. जेवताना आधी कोशिंबीर व भाजी, मग वरण-उसळ, शेवटी पोळी-भात, असा क्रम ठेवला तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. यास एक पैचाही खर्च नाही.

पोहे सोडावयास नकोत. एक वाटी पोह्यांत एक वाटी मोड आलेली मटकी किंवा मटार घालावेत, शेव चिमूटभर, जिलबी दुसऱ्याच्या ताटात पाहून संतोष मानावा. माळव्यात एके काळी ज्वारी-मक्याची भाकरी घरोघर होती, तिला पुन्हा चुलीजवळ जागा द्यावी. मात्र ज्वारी म्हणजे औषध असे समजून चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढणारच.

चहाचा हिशेब ऐका. दिवसाकाठी चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. चमच्यात सुमारे ५ ग्रॅम धरले तर दिवसाला ४० ग्रॅम, महिन्याला १ किलो २०० ग्रॅम. वरून घालून घेतलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवणे हितकर, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले. तेही धडधाकट माणसासाठी. ‘मी गुळाचा चहा घेतो’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की गूळ, मध, काकवी ही साखरेचीच भावंडे आहेत.

एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन आपण उपास केला म्हणतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याऐवजी राजगिरा, शेंगदाणे, दही, काकडीची कोशिंबीर घ्यावी. परंतु जे इन्सुलिन घेतात अथवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी डॉक्टरांस विचारल्याशिवाय उपास करूच नये. दरदरून घाम, हातांना कंप, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात घोटाळा, ही साखर उतरल्याची लक्षणे. तशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. रोगी बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता इस्पितळ गाठावे. सदा साखरेला शत्रू म्हणणारे आम्ही डॉक्टर त्या घटकेला साखरच लिहून देतो.

नागपूरचे कै. डॉ. श्रीकांत जिचकर यांनी सांगितलेली व डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघर पोचवलेली दिवसातून दोनच वेळा जेवण्याची पद्धत आपल्यापैकी काहीजण पाळतात. त्याविषयी डॉक्टरमंडळींत मतभेद आहेत. येता-जाता तोंडात टाकण्याची सवय तिने सुटते, हा लाभ उघड आहे. पण औषधे चालू असणाऱ्याने ती मनाने सुरू करू नये.

आता घरगुती औषधे. मेथीच्या दाण्यांत पाण्यात फुगणारा चीक असतो, तो साखरेचे शोषण संथ करतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत १९९० च्या सुमारास यावर प्रयोग झाले व उपयोग दिसला. रात्री भिजवलेले दोन चमचे दाणे सकाळी खावयास हरकत नाही. कारले, जांभळाच्या बिया, आवळा-हळद, यांची परंपरा जुनी आहे. जेवणात कारले अवश्य असावे. परंतु यांपैकी काहीही गोळीच्या अथवा इन्सुलिनच्या जागी घेऊ नये, सोबत घ्यावे, आणि डॉक्टरांस सांगून घ्यावे, कारण दोहोंनी मिळून साखर फार उतरू शकते.

‘नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही’ हे वाक्य धोक्याचे आहे. दुधीचा रस घेणाऱ्यांनी आधी दुधीची फोड चाखून पाहावी. कडू लागली तर टाकून द्यावी. कडू दुधीचा रस विषारी असतो. २०१० साली दिल्लीत एक शास्त्रज्ञ तो पिऊन दगावले, आणि त्यानंतर तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य झाला नाही. वाद पंडितांवर सोडू, आपण मात्र महिनोन्महिने काढे पिताना सावध राहू. उलट, ज्यांना ‘इंग्रजी गोळी’ची भीती वाटते त्यांना सांगतो, मेटफॉर्मिन या सर्वांत प्रचलित गोळीचा मूळ धागा गॅलेगा नावाच्या युरोपीय वनस्पतीपर्यंत जातो. औषधाची परीक्षा गाव पाहून न करता गुण पाहून करावी.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहातील बालकाचे इन्सुलिन कोणाच्याही सांगण्यावरून एक दिवसही बंद करू नये. १९२१ साली टोरांटोत बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले, आणि १९२२ च्या जानेवारीत ते एका चौदा वर्षांच्या मुलास प्रथम टोचले गेले. त्यापूर्वी अशी मुले झिजून जात. ते त्यांचे औषध नव्हे, अन्नच आहे.

राहिले चालणे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी उंबरठ्यावरील ५३१ लोकांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. केवळ आहार व व्यायाम सुधारल्याने तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण शेकडा २८.५ ने घटले. अमेरिकेतील २००२ च्या अभ्यासात तर ५८ ने. म्हणजे उंबरठ्यावरून पाहुण्यास परतवता येते. आपल्याकडे कोठी रोडसारखा झाडांचा रस्ता आहे. सकाळी अर्धा तास झपझप चालावे. आणि जेवणानंतर दहा मिनिटे, विशेषतः रात्रीच्या, शतपावली घालावी. आजी सांगत असे ती ‘शतपावली’ आता परदेशातील अभ्यासकही सांगू लागले आहेत. वेळेवर झोप, तंबाखूचा त्याग, रक्तदाबावर नजर, वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची व लघवीतील प्रथिनांची तपासणी, ही उरलेली चार व्रते.

भगिनींना एक विशेष विनंती. घरात कोणास मधुमेह झाला की आपण त्याच्यासाठी वेगळी भाजी करता. तसे करू नका. सर्वांसाठी एकच स्वयंपाक करा, कारण हा रोग वाडवडिलांकडून मुलांकडे येतो. आणि सर्वांना वाढून स्वतः उरलेला भात-पोळी खाण्याची जी आपली रीत आहे, ती मोडा. गर्भवती सुनेच्या पोषणाकडे व तिच्या साखरेच्या तपासणीकडे लक्ष द्या. पुढच्या पिढीचा मधुमेह पुष्कळदा मातेच्या उदरातच ठरतो, असे पुण्याचे संशोधन सांगते.

शेवटी न्यासापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, महिन्यातून एका ठरलेल्या रविवारी येथे साखर-तपासणी व्हावी. तीस वर्षांवरील प्रत्येक सभासदाने वर्षातून एकदा तरी यावे. दुसरी, आपल्या पंगतीत कोशिंबीर व उसळ प्रथम वाढावी, आणि गोडाचा आग्रह हा सत्काराचा प्रकार बंद व्हावा. तिसरी, त्याच रविवारी एका बाकावर आरसा व दिवा ठेवून प्रत्येक मधुमेह्याचे पाय पाहिले जावेत. त्या बाकाशेजारी बसण्याचे काम मी, हातपाय चालतात तोवर, विनामूल्य करीन. दादांचे पाय पाहावयाचे राहून गेले. आपले राहू नयेत.

आता श्रीखंड येत आहे. ज्यांना मधुमेह नाही त्यांनी एक वाटी घ्यावे. ज्यांना आहे त्यांनी आधी कोशिंबीर संपवून एक चमचा चाखावे आणि जेवणानंतर माझ्याबरोबर टावरला दोन फेऱ्या घालावयास यावे. मी दाराशी उभा राहतो.